विंडसर्फर घेऊन क्लबच्या रविवारच्या रेसमध्ये होड्यांबरोबर उतरावं का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडात घराजवळच्या जलाशयावर सेलिंग क्लब आहे, रविवारी वेगवेगळ्या होड्यांची एकत्र हँडिकॅप रेस (होडीच्या वेगानुसार वेळ जुळवून निकाल लावायची) असते, तिथे बोर्ड, म्हणजे शीड लावलेली फळी, घेऊन उतरलं तर चालेल का, होडीवाले सामावून घेतील का, आणि बोर्ड कुठला घ्यावा.

चालेल. उतराच. रेसिंगच्या नियमांपुढे बोर्ड हीसुद्धा होडीच आहे. पोर्ट टॅकवाल्याने (ज्याला वारा डावीकडून लागतो) स्टारबोर्डवाल्याला (ज्याला उजवीकडून लागतो) वाट द्यायची, वाऱ्याच्या बाजूला असलेल्याने पलीकडच्याला द्यायची, बोयाशी (वळायच्या तरंगत्या खुणेशी) आतल्याला जागा सोडायची, हे सगळं तुम्हालाही लागू. बोर्डांसाठी नियमपुस्तकात परिशिष्ट ‘बी’ आहे, ते पाठ करून जा. क्लबातल्या बहुतेकांनी ते उघडलेलं नसतं. त्यात टॅक ठरतो तो डोलकाठीजवळच्या हातावरून, म्हणजे उजवा हात पुढे असेल तर स्टारबोर्ड. बोयाला बोर्ड घासला तर दंड नाही, फक्त बोया धरायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शीड हाताने झुलवून वेग घेणं, ज्याला सगळे पंपिंग म्हणतात, ते बोर्डाला चालतं. होडीला ते जवळजवळ बंद आहे.

सामावून घेतील का, याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय.

मी मालवणची. लग्नानंतर मिडलँड्समध्ये आले आणि इथल्या गोड्या पाण्यावर विंडसर्फिंग शिकले. माझ्या आधीच्या क्लबात आम्ही तीन बोर्डवाले होतो, बाकी सगळ्या होड्या, त्यात आयएलसीए (एकट्याने चालवायची छोटी होडी, पूर्वीची लेझर) जास्त. उन्हाळाभर तिथे पाच-सहा नॉटचा (ताशी दहाएक किलोमीटरचा) मेलेला वारा. अशा वाऱ्यात लांब बोर्ड पाण्यातून नुसता ओढत न्यावा लागतो, पंपिंग करून खांदे भरून येतात, आणि आयएलसीएवाले बसल्या बसल्या पुढे जातात. त्या मोसमात आम्ही तिघे निकालाच्या तळाला असायचो. तेव्हा आमच्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. उलट चहाच्या वेळी खुर्ची ओढून द्यायचे, पुढच्या रविवारी नक्की या म्हणायचे.

मग नोव्हेंबरात एका रविवारी नैऋत्येचा चांगला वीस नॉटचा वारा सुटला. वाऱ्यावर चढताना, म्हणजे वारा येतो त्या दिशेला तिरकं जाताना, होड्या माझ्यापेक्षा नेट धरून होत्या, पहिल्या बोयापर्यंत चार-पाच जण पुढे होते. बोया वळले, डॅगरबोर्ड (बोर्डाखाली पाण्यात सोडायची उभी फळी) वर घेतला, हार्नेस (शिडाला अडकवायचा कमरेचा पट्टा) अडकवला आणि बोर्ड पाण्यावर उठला. पुढच्या बोयाआधी सगळे मागे पडले. दुसऱ्या फेरीत मी स्टारबोर्डवर येत होते आणि समोरून क्लबचे रेसिंग सेक्रेटरी पोर्टवर. मी दोनदा ‘स्टारबोर्ड’ म्हणून ओरडले. त्यांनी अगदी शेवटच्या क्षणी टॅक केला, म्हणजे वळून वाट दिली. हँडिकॅप लावून निकाल आला तेव्हाही मीच पहिली होते.

क्लबहाउसात कपडे बदलून येते तोवर त्यांचा प्रोटेस्टचा, म्हणजे नियमभंगाच्या तक्रारीचा, कागद टेबलावर होता. आरोप पंपिंगचा. सुनावणीत मी परिशिष्टाचं पान काढून ठेवलं. रेसच्या नोटिसमध्ये बोर्डांना हे परिशिष्ट लागू असल्याचं त्यांच्याच क्लबने छापलं होतं. प्रोटेस्ट फेटाळला गेला. तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हे सेलिंगच नव्हे.’

वसंतात समितीचा ईमेल आला. सुरक्षेच्या कारणास्तव बोर्ड मुख्य रेसमधून काढून शनिवारी दुपारी वेगळे ठेवले होते. तीन बोर्ड. एखाद्या शनिवारी तिघांपैकी दोघं नसली की कसली रेस? उन्हाळाभर आम्ही शेवटी यायचो तेव्हा हीच सुरक्षा कुणाला आठवली नव्हती, हे मी समितीला लिहून कळवलं आणि आजही माझं तेच म्हणणं आहे.

‘हे सेलिंग नव्हे’ म्हणणाऱ्यांना थोडा इतिहास ऐकवावा. १९५८ मध्ये हेलिंग आयलंडवर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने शीड लावलेली फळी चालवली होती. पुढे विंडसर्फरच्या पेटंटचा खटला इंग्लंडच्या कोर्टात चालला तेव्हा त्या मुलाची फळी पुरावा म्हणून आली आणि १९८५ मध्ये पेटंट टिकलं नाही. म्हणजे हा खेळ त्यांच्याच किनाऱ्यावर खेळला गेलेला आहे. १९८४ पासून ऑलिंपिकच्या सेलिंगमध्ये बोर्ड आहे. एमा विल्सनने टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे ब्रिटनला बोर्डवर कांस्य मिळवून दिलं, आणि तिची आई पेनी वे १९९२ आणि १९९६ अशा दोन ऑलिंपिकांत बोर्डवरच उतरली होती. त्या बायकांनी काय केलं मग, सेलिंग नाही तर?

खरा घोळ हँडिकॅपच्या आकड्याचा आहे. पोर्ट्समथ यार्डस्टिक या हँडिकॅप पद्धतीत तुमच्या लागलेल्या वेळेला १००० ने गुणून तुमच्या बोर्डाच्या आकड्याने भागतात. आयएलसीए ७ (मोठ्या शिडाची आयएलसीए) चा आकडा साधारण ११००. समजा बोर्डाला ९०० धरला, तर त्याची ४५ मिनिटं आणि आयएलसीएची ५५ मिनिटं दोन्ही ५० च होतात. पण होडीचा वेग वाऱ्याबरोबर हळूहळू वाढतो आणि बोर्डाचा दहा-बारा नॉटला एकदम उडी मारतो. एकच आकडा दोन्ही दिवस खरा ठरू शकत नाही. मंद वाऱ्यात आमच्यावर अन्याय, जोराच्या वाऱ्यात त्यांच्यावर. हे मी मान्य करते. पण आरवायए (ब्रिटनमधली सेलिंगची राष्ट्रीय संस्था) स्वतःच सांगते की क्लबने आपल्या पाण्यावरचे निकाल बघून आकडा बदलावा. माझा आकडा बदलला असता तर मी एक शब्द काढला नसता. आकड्याला हात न लावता माणसं बाहेर काढली, हा माझा आक्षेप आहे.

बोर्डाचं म्हणाल तर डॅगरबोर्डवाला लांब बोर्डच घ्या. रेसबोर्ड या लांब बोर्डाच्या वर्गात साडेनऊ चौरस मीटरपर्यंत शीड चालतं, पण ते सगळ्यांना झेपत नाही. विंडसर्फर एलटी या दुसऱ्या लांब बोर्डाचं ५.७ चं शीड सोपं पडतं. फक्त मागच्या छोट्या फिनवर चालणारा आखूड बोर्ड नको, त्याला मंद वाऱ्यात वाऱ्यावर नीट चढता येत नाही आणि तुम्ही सगळ्या ताफ्याला आडवे येत राहाल. फॉइल (पाण्याखालच्या पंखावर हवेत उचलला जाणारा बोर्ड) तर होड्यांच्या गर्दीत आणूच नका. त्या बाबतीत होडीवाल्यांची भीती शंभर टक्के रास्त आहे.

अजून एक. तुम्ही पडलात की शीड खालच्या बाजूला पाण्यावर पसरतं आणि मागून येणाऱ्या होडीला ते दिसेपर्यंत उशीर होतो. म्हणून पंधरा नॉटमध्ये न पडता जाइब (वारा पाठीशी ठेवून वळणं) जमत नसेल तर हा मोसम काठावर सराव करा, रेस पुढच्या वर्षी. सेफ्टी बोटवाल्यांनी बोर्ड कधी ओढून आणलाय का, तेही आधी विचारा.

मी आता ज्या क्लबात आहे तिथे सुरुवात सगळ्यांची एकत्र होते आणि निकाल दोन लागतात, एक सगळ्यांचा मिळून आणि एक फक्त बोर्डांचा. भांडण झालेलं नाही. तेव्हा सभासदत्वाचे पैसे भरण्याआधी तुमच्या क्लबच्या सेक्रेटरींना लेखी विचारा, की परिशिष्ट ‘बी’ रेसच्या नोटिसमध्ये आहे का, बोर्डांना कुठला आकडा लावता, आणि गेल्या हिवाळ्यात बोर्डवाला जिंकला तेव्हा तो निकाल तसाच ठेवलात का. तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही तर दुसरा क्लब बघा, थोडं लांब जावं लागलं तरी.