'मेरिटेज' हा शब्द फ्रेंच की इंग्रजी?

प्रश्न असा आला आहे: उंची रेड वाइनच्या बाटलीवर 'मेरिटेज' लिहिलेलं दिसतं. हे फ्रान्समधल्या गावाचं नाव आहे की द्राक्षाची जात? आणि उच्चार फ्रेंच धाटणीने 'मेरिताझ' करायचा का?

गाव नाही आणि जातही नाही. फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशाच्या द्राक्षजातींचा मेळ साधून केलेल्या वाइनचं ते नाव आहे. शब्द कॅलिफोर्नियात १९८८ साली मुद्दाम घडवलेला आहे. 'मेरिट' आणि 'हेरिटेज' हे दोन इंग्रजी शब्द एकमेकांत मिसळून तो तयार झाला. त्यामुळे 'हेरिटेज'शी यमक जुळेल असा 'मेरिटेज' हाच उच्चार बरोबर. तरीही वाइनचा शब्द म्हणजे फ्रेंचच असणार, या समजुतीपोटी जाणकारसुद्धा शेवटी 'झ' काढतात. मला तो कानाला खटकतो.

शब्द का घडवावा लागला, ते जास्त रंजक आहे. अमेरिकेत बाटलीवर द्राक्षाच्या जातीचं नाव छापायचं, तर त्या जातीचं प्रमाण पूर्वी किमान ५१ टक्के लागे. १९८३ पासून ही अट ७५ टक्क्यांवर गेली. ज्यांना ६० टक्के कॅबर्ने सोव्हिन्यों आणि बाकी मर्लो, कॅबर्ने फ्राँ असा मेळ साधायचा होता, त्यांची पंचाईत झाली. वाइन कितीही उत्तम असली तरी लेबलवर 'रेड टेबल वाइन' असलं सपक नाव यायचं. 'बोर्दो' म्हणावं, तर ते फ्रान्समधल्या प्रदेशाचं नाव. मग काही उत्पादकांनी एकत्र येऊन नावासाठी स्पर्धा जाहीर केली. सहा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि त्यांतून 'मेरिटेज' निवडला गेला. तो नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे, त्यामुळे या उत्पादकांच्या संघटनेचे सभासद असलेल्या वाइनरीच तो छापू शकतात. पुढे अमेरिकेबाहेरच्या काही वाइनरीही सभासद झाल्या.

शब्द नवा असला तरी रीत बोर्दोची, आणि खूप जुनी. तिथे हवामानाचा भरवसा नसतो. मर्लो लवकर फुलते, म्हणून वसंतातल्या हिमकडाक्यात सापडते. कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकते आणि शरदातल्या पावसात भिजते. दोन्ही लावल्या की एक गेली तरी दुसरी हात देते. पण निव्वळ सावधगिरीने उंची वाइन होत नाही. कॅबर्ने सोव्हिन्योंचे मणी लहान, साल जाड, म्हणून तुरटपणा, गडद रंग आणि वर्षानुवर्षं टिकण्याची ताकद तिच्यातून येते. कोवळेपणी ती अगदी ताठर लागते. मर्लो तिला मऊपणा आणि पिकल्या प्लमसारखी गोलाई देते. कॅबर्ने फ्राँ येते ती मुख्यतः सुगंधासाठी. (१९९७ साली डीएनए तपासणीतून सिद्ध झालं की सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाबरोबर हीच कॅबर्ने सोव्हिन्योंची जनक. माझी तिच्यावर विशेष माया आहे, कारण घराण्यातली थोरली असून ती कायम मागे राहते.) पेती वेर्दो रंगाला आणि तुरटपणाला धार आणते, पण थोडीच घालतात. मालबेकही चालते.

बहुतेकदा प्रत्येक जात वेगळी आंबवतात आणि मग चव घेत घेत प्रमाण ठरवतात. फ्रेंचमध्ये या कामाला 'आसांब्लाझ' म्हणतात, म्हणजे जुळवणी. म्हणूनच मराठीत 'ब्लेंड'साठी 'मिश्रण' मला अपुरा वाटतो. मिश्रण औषधाचं किंवा खताचंही होतं आणि ते नुसतं ढवळूनही होतं. 'मेळ' किंवा 'मिलाफ' या शब्दांत एकमेकांना सांभाळून घेण्याचा भाव आहे, आणि इथे तोच हवा.

'मेरिटेज' हा शब्द वापरताना एवढं पाहावं की सगळी द्राक्षं बोर्दोच्या ठरलेल्या जातींतलीच, निदान दोन जातींची असावी लागतात, आणि कोणतीही एक जात ९० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. सिराह किंवा झिनफंडेल मिसळलं, तर वाइन कितीही झकास असली तरी ती मेरिटेज नव्हे. तिला सरळ 'रेड ब्लेंड' म्हणावं. पांढऱ्या वाइनसाठीही हा शब्द चालतो. तिथे सोव्हिन्यों ब्लाँ आणि सेमियों या बोर्दोच्याच जाती येतात.