वाचकांचे प्रश्न : पत्र्याचे दरवाजे काढून फायबरचे

प्रश्न : ट्रॅकसाठी दोन दरवाजांची जुनी गाडी तयार करतो आहे. फायबरचे (काचतंतूचे) किंवा कार्बनचे (कार्बनतंतूचे) दरवाजे लावले तर वजन किती उतरेल? गाडी अधूनमधून रस्त्यावरही काढायची आहे.

उत्तर : रस्त्यावर काढायची असेल तर पत्र्याचे दरवाजे राहू द्या. त्यांच्या पोटात बाजूची धडक झेलणारी पोलादी आडवी नळी असते. हलक्या दरवाजात ती बहुतेक वेळा नसते. ट्रॅकवर तिचे काम रोल केजच्या, म्हणजे गाडीत आतून बसवलेल्या पोलादी पिंजऱ्याच्या, बाजूच्या नळ्या करतात. पण रस्त्यावर हेल्मेट नसलेले डोके त्याच केजवर आपटले तर जिवावर बेतते. काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सरही दरवाजातच असतो.

आता वजन. काच, मोटर, लॉक धरून असा दरवाजा 30 ते 40 किलो भरू शकतो आणि त्यातला बराच भार आतल्या सामानाचा असतो. म्हणून आधी तो रिकामा करून काट्यावर ठेवा. काचेऐवजी तेवढ्याच जाडीची पॉलिकार्बोनेट (पारदर्शक, टणक प्लास्टिक) लावली तर तिचे वजन निम्म्यावर येते. एवढ्यावर भागले नाही तरच नवे दरवाजे घ्या, आणि पहिल्यांदा साधे फायबरच घ्या. कार्बनने वाचणाऱ्या थोड्या वजनापेक्षा फायबरची सोपी दुरुस्ती जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : फायबरचा दरवाजा बसवला, पण बिजागरीपाशी तडे गेले. लॉक अर्धेच लागते आणि वेगात काचेची वरची कड बाहेर ओढली जाते.

उत्तर : तडे जातात ते बोल्ट थेट फायबरवर आवळल्याने. दाबाखाली रेझिन (तंतू धरून ठेवणारी राळ) हळूहळू दबते, बोल्ट सैल होतो, भोक लांबट होते आणि तिथून चांदणीसारख्या रेषा फुटतात. तडकलेला भाग पक्के फायबर लागेपर्यंत घासा, मॅटचे (काचतंतूंच्या चादरीचे) थर चढवा आणि आतून 3 मिमीची पोलादी पट्टी इपॉक्सीत (घट्ट चिकटणाऱ्या रेझिनमध्ये) बसवा. भोक थोडे मोठे करून त्यात थराच्या जाडीएवढ्या लांबीची धातूची नळी घाला, म्हणजे बोल्टचा दाब नळी घेईल. दरवाजा कार्बनचा असेल तर धातू आणि कार्बन यांच्यामध्ये काचकापडाचा एक थर हवाच. नाहीतर ओल शिरली की धातू गंजतो.

लॉकचा दोष बहुधा रबराचा. मूळ रबर जड दरवाजासाठी असते, हलक्याला ते बाहेर ढकलते. मऊ, पोकळ रबर लावा. लॉकचा खुंट (लॉक ज्यात अडकते तो गाडीच्या खांबावरचा तुकडा) सगळ्यात शेवटी हलवा, आधी बिजागऱ्या ढिल्या ठेवून चारही बाजूंची फट सारखी करा. दरवाजा उघडताना थांबवायला मजबूत पट्टा बांधा, नाहीतर सगळा झटका बिजागरीवर येतो.

वेगात खिडकीबाहेरचा हवेचा दाब आतल्यापेक्षा कमी होतो, म्हणून कड बाहेर वाकते. चौकटीत आतून फायबरची बरगडी वाढवा. वरच्या कोपऱ्यात जादा खिटी लावलीत तर ती आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडली पाहिजे. अपघातानंतर दरवाजा बाहेरचा माणूस उघडणार असतो.

प्रश्न : फायबरचा दरवाजा रंगाच्या भट्टीत (रंग तापवून वाळवायच्या खोलीत) चालेल?

उत्तर : रेझिन किती उष्णता सोसते ते बनवणाऱ्याला विचारा. कळले नाही तर भट्टी टाळा, हवेवर वाळणारा रंग मारा. जास्त तापले तर दरवाजा वाकतो आणि रंगातून कापडाची वीण उमटते.