हिवाळ्याच्या तोंडावर फुलपाखरं कशी काय दिसतात?

पानगळ संपत आली, सकाळी बोटं गारठतात, तरी भिंतीवर एक फुलपाखरू पंख पसरून बसलेलं दिसलं. ते वाट चुकलंय का, असं तुम्ही विचारलंय. नाही हो, बहुधा ऊन खात बसलं असणार. उडण्याचे स्नायू साधारण 30 अंशांपर्यंत तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. जरा थांबून बघा: ढग आला की पंख मिटतात आणि कधी कधी उडण्याआधी थरथरतात. ही थरथर थंडीने नव्हे, स्नायू गरम करण्यासाठी.

युरोपात असं उशिरा दिसणाऱ्यांत रेड ॲडमिरल हे फुलपाखरू हमखास. आयव्हीचा वेल शरदातच फुलतो, त्यामुळे बाकीची फुलं संपली तरी तिथे मकरंद मिळतो. गळून सडलेली फळंही त्याला चालतात. (फोटो काढायचा तर तिथेच गाठा, खाण्यात गुंग असतं.)

ब्रिमस्टोन आणि पीकॉक ही फुलपाखरं तर प्रौढ अवस्थेतच हिवाळा झोपून काढतात. पेंटेड लेडी या फुलपाखराला कडाक्याची थंडी सोसत नाही. ती आफ्रिकेकडे निघते, तेही शेकडो मीटर उंचावरून, म्हणून जाताना सहसा नजरेस पडत नाही.

घरात झोपलेलं सापडलं तर उबदार खोलीत ठेवू नका. अवेळी जाग आली की साठवलेली चरबी खर्ची पडते. थंड, कोरड्या, अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा आणि वसंतात बाहेर पडायला एखादी फट मोकळी ठेवा.