डीजे की ऑर्केस्ट्रा? आधी रांग मोजा

"मुलाला डीजेच पाहिजे आणि यांना जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा. पंधरा दिवस झाले, बापलेक एकमेकांशी बोलेनात. तिथी दाट आहे, चांगली माणसं हातची जातील. मी कुणाची बाजू घेऊ?"

लग्न ठरलेल्या मुलाच्या आईचा हा प्रश्न. लग्नाच्या हंगामात तो आमच्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घर सोलापूर शहरातल्या 'जुळे सोलापूर' या वस्तीतलं, मुलगा पुण्यात नोकरीला. मुलगी शहराच्या पूर्व भागातली, घरची भाषा तेलुगू. रिसेप्शन मे महिन्यात, होटगी रस्त्याकडच्या लॉनवर, संध्याकाळी सातला. पाहुणे सहाशे.

पुढच्या भेटीला आईवडील, मुलगा आणि होणारी सून असे चौघे आले. प्रत्येकाला एक कागद दिला. त्यावर डीजे, ऑर्केस्ट्रा, गझल यातलं काहीच लिहायचं नव्हतं. त्या संध्याकाळी आपल्या डोळ्यांसमोर काय घडायला हवं, एवढंच लिहायचं होतं. मुलानं लिहिलं, "हॉस्टेलचे मित्र येतील, त्यांच्याबरोबर नाचायचंय." वडिलांनी लिहिलं, "गावाकडची माणसं वर्षानुवर्षांनी भेटणार, त्यांच्याशी ओरडून बोलायला लागू नये." आईनं लिहिलं, "सासूबाईंच्या छातीत धडधडायला नको." मुलीनं एकच ओळ लिहिली: "माझ्या आजीला समजेल असं कुणीतरी माईकवर बोलावं."

या चार इच्छा एकमेकींच्या आड येत नाहीत. वडिलांना 'डीजे' या शब्दाचा राग होता आणि मुलाला वाटत होतं की आपलं काही ऐकूनच घेत नाहीत. अशा घरात बाजू घेणारी आई तिसरी भांडणारी होते. म्हणून तिला न्यायनिवाडा सोडून संध्याकाळचा हिशेब मांडायचं काम दिलं.

हिशेब असा. सहाशे पाहुणे, चार-चारच्या घोळक्यानं स्टेजवर आले तर दीडशे घोळके. आहेर, नमस्कार, फोटो मिळून एका घोळक्याला चाळीस सेकंद. म्हणजे शंभर मिनिटं नवरा-नवरी स्टेजवरून हलू शकत नाहीत. पत्रिकेत सात असले तरी मेकअप आटोपून जोडी पावणेआठला येते. तिथून शंभर मिनिटं धरली की नऊ पंचवीस. दहाला आवाज बंद. मुलगा ज्या चार तासांच्या पॅकेजसाठी भांडत होता, त्यात त्याच्या वाट्याला नाचायला पस्तीस मिनिटं उरत होती. वडिलांचा सहा कलाकारांचा ऑर्केस्ट्राही याच रांगेच्या वेळी गाणार होता. तेव्हा निम्मे लोक स्टेजकडे पाहत असतात आणि निम्मे ताटाकडे. गाणाऱ्याला समोर बसून ऐकणारा माणूस लागतो, रांगेत उभा राहिलेला नाही. टाळी पडेना की गायक आवाज वाढवतात आणि बोलणं आणखी अवघड होतं.

कागदावर आकडे आले तेव्हा मुलगा आधी गप्प झाला आणि मग म्हणाला, "मग रांगेला बासरी-तबला चालेल की."

ठरलं ते असं: रांगेच्या वेळी बासरी, तबला आणि कीबोर्ड, चाळीस मिनिटं वाजवून दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा चाळीस. रांग संपली की डीजे. मराठी आणि तेलुगू दोन्ही सहज बोलणारा एक निवेदक. सोलापुरात असा माणूस शोधावा लागत नाही, फक्त आधी सांगावं लागतं. नाचाचा वेळ वाढवण्यासाठी मुलीचा मेकअप पाऊण तास लवकर सुरू करायचा आणि जोडी सव्वासातला स्टेजवर. मग नऊच्या आत रांग संपते आणि पूर्ण तास मिळतो. गावाकडच्या मंडळींचा फोटो वीस-वीसच्या गटात काढायचं फोटोग्राफरशी बोलून घेतलं, तर दहा-पंधरा मिनिटं आणखी सुटतात.

दहाच्या वेळेबद्दल सगळ्यात जास्त फसगत होते. "अकरापर्यंत सांभाळून घेतो" असं वाजवणारा म्हणतो, पण तक्रार झाली तर पोलीस यजमानालाच बोलावतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंद सभागृहाला सूट आहे, लॉनला नाही. वर्षातले ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत जी मुभा मिळते, ती सण-उत्सवांसाठी असते, घरच्या रिसेप्शनसाठी नव्हे. दहाच्या आतही लेखी परवानगी लागते. पोलीस ठाण्यात पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा. दवाखाना, शाळा किंवा न्यायालयापासून शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं, म्हणून लॉन ठरवतानाच आजूबाजूला पाहून घ्यावं.

गाणी वाजवण्यासाठी 'लायसन्स फी' मागणारं कुणी आलं तर घाबरून पैसे देऊ नयेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ त्यातच धरले आहेत. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केलं आहे.

आता आवाज. एक मीटरवरून साधं बोलणं साठ डेसिबलच्या आसपास असतं. रांगेच्या वेळचं संगीत त्याच्या फार वर गेलं की गप्पा संपतात. मोबाइलवरचं मापक अगदी अचूक नसतं, पण अंदाज येतो. खरा दोष बहुतेक वेळा जागेचा असतो: स्पीकर स्टेजच्या दोन बाजूंना जमिनीवर, आणि नेमके त्याच्यासमोर सोफे. त्या सोफ्यांवर आजी-आजोबा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलनं उतरतो. त्यामुळे सोफे चार मीटरवरून आठवर नेले आणि टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, सात फुटी स्टँडवर चढवले तरी मोठा फरक पडतो. या घरात बेस, म्हणजे धडधडणारे मोठे स्पीकर, स्टेजपासून दूर, नाचायच्या जागेजवळ ठेवायचे ठरले आणि आजीची खुर्ची जेवणाच्या बाजूला.

वीज हा दुसरा घोळ. रोषणाई, एलईडी भिंत आणि साउंड एकाच लाइनवर घेतले की घरघर येते किंवा सगळं एकदम ट्रिप होतं. साउंडला वेगळी लाइन आणि नीट अर्थिंग मागावं. वीज गेली तर जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात, पण तेवढ्यात आवाज जुळवणारा डिजिटल मिक्सर बंद पडून पुन्हा चालू व्हायला वेळ घेतो. मिक्सर आणि लॅपटॉपला यूपीएस असला की हे टळतं. डिझेल कुणाचं, हे तोंडी ठेवू नये.

सुपारी देण्याआधी जोडलेला-कापलेला व्हिडिओ पाहून भुलू नये; त्यात आवाज बहुधा स्टुडिओतला असतो. मागच्या एखाद्या रिसेप्शनला मोबाइलवर सलग घेतलेलं दोन मिनिटांचं चित्रण मागावं. दाट तिथीला एकाच संध्याकाळी दोन सुपाऱ्या घेतल्या जातात आणि तुमच्याकडे दुसरीच माणसं येतात. म्हणून पावतीवर 'ग्रुप' न लिहिता वाजवणाऱ्यांची नावं, वाद्यं, पोचायची वेळ आणि साउंड चेक संपायची वेळ लिहून घ्यावी. सातच्या कार्यक्रमाला साउंड चेक सहाला संपलेला हवा. माईक किती तेही लिहावं: इथे बासरीला एक, तबल्याला दोन, निवेदकाला एक आणि एक जादा. जादा तासाचा दर, कलाकारांची जेवणाची ताटं, कार्यक्रम रद्द झाल्यास परत मिळणारी रक्कम, हेही तिथेच. विसार पंचवीस ते तीस टक्क्यांपर्यंत. साउंड चेकनंतर निम्मी रक्कम, उरलेली शेवटी. डीजेचा माणूस तबल्याचा आवाज नीट जुळवू शकेलच असं नाही, म्हणून त्या तिघांचा साउंडवाला वेगळा घेतला. स्पीकर मात्र एकच, दोनदा भाडं नाही.

वडिलांनी एकच अट घातली, नाचाच्या वेळची गाणी आधी ऐकवायची. मुलानं पंधराची यादी आणली, वडिलांनी दोन खोडली. मुलीनं एक तेलुगू गाणं घातलं. खोडलेल्या दोनपैकी एकावरून अजून कुरबुर आहे. ती आम्ही मिटवायला गेलो नाही.

शेवटची ओळ पावतीवर आईनं घालून घेतली. मेमध्ये सोलापूरला संध्याकाळी वळीव कधी येईल सांगता येत नाही. वादळ सुटलं तर साउंडवाल्यानं आधी मेन स्विच बंद करायचा, मग ताडपत्री टाकायची आणि लॉनशेजारच्या बंद हॉलमध्ये दोन टॉप आणि एक माईक लावून द्यायचा. त्याचे जादा पैसे किती, तेही आकड्यात लिहिलं. त्या हॉलची किल्ली कुणाकडे असते, ते विचारायला वडील आणि मुलगा एकाच गाडीवर गेले.