झावळीची राख

प्रश्न : बाई, माझं माहेर वसईचं, कॅथलिक. लग्न होऊन पुण्याला आले. सासरी सगळे श्रद्धाळू आहेत, रोज संध्याकाळी बायबल वाचतात. पण नाताळाआधीचा आगमनकाळ, ईस्टरआधीचा उपवासकाळ वगैरे काही पाळत नाहीत. दीर म्हणतात, बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रात प्रेषित पौलानेच दिवस-महिने पाळणाऱ्यांना दोष दिलाय. मला उत्तर सुचलं नाही. प्रार्थना रोजच करतो, मग हे काळ पाळून आत्मिक वाढ ती काय होते?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दिरांचं म्हणणं उडवून लावू नकोस. त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तसं आहेच. दिवस पाळून देवाच्या पसंतीस उतरू पाहणाऱ्यांना पौल तिथे खडसावतो. रोमकरांच्या पत्रात मात्र, चौदाव्या अध्यायात, तोच म्हणतो की दिवस पाळणारा तो प्रभूसाठी पाळतो. तेव्हा दोन्ही घरं त्याच्या छायेत बसतात.

मी स्वतः बरीच वर्षं नुसते दिवसच पाळले. उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण वर्ज्य, म्हणून आमच्याकडे पापलेट यायचं आणि उपवास घडला असं मला वाटायचं. त्याने माझ्यात तसूभर फरक पडला नाही.

मला खरं शिकवलं ते आईच्या झावळीने. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी लोकांनी ‘होसान्ना’ ओरडत येशूचं स्वागत केलं त्याची आठवण करतात. त्या दिवशी आशीर्वाद दिलेली पात घरी आली की आई तिचा क्रूस वळून भिंतीवरच्या क्रुसामागे खोचायची. पावसाळ्यात ती काळवंडायची, हिवाळ्यात हात लावला तर कडा चुरायच्या. पुढच्या वर्षी, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवाराआधी, ती चर्चमध्ये परत जायची, तिथे जाळली जायची आणि तिचीच राख आमच्या कपाळाला लागायची. आई म्हणायची, “होसान्ना ओरडताना हीच हातात होती ना?” एवढंच. पण तेव्हापासून पश्चात्ताप म्हणजे काय, हे मला कुणी वेगळं समजवावं लागलं नाही.

माझे यजमान गेले ते राखेच्या बुधवाराच्या आदल्या आठवड्यात. उपवासकाळ मला जड गेला नाही. फादरांच्या झग्याचा जांभळा रंग, येशूचं दुःख आठवायची क्रुसाच्या वाटेची 14 स्थानं, आणि त्या दिवसांत ‘आलेलुया’ हा आनंदाचा जयघोष म्हणतच नाहीत. सगळं माझ्या मनासारखं होतं. मग पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या रात्री तो शब्द सगळ्या चर्चभर उसळला आणि माझा गळा दाटला. देवावर रुसूनच घरी आले. पण पुनरुत्थानाचा सण एका दिवसात आटपत नाही, पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत, पेंटेकॉस्टपर्यंत, 50 दिवस चालतो. दर रविवारी तीच मोठी मेणबत्ती पेटलेली, तोच आलेलुया. शेजारच्या बाकावरच्या बाया माझ्या वाटचंही गात होत्या. सहाव्या रविवारी तो माझ्या तोंडून निघाला. कधी सुरुवात केली, मलाही कळलं नाही.

तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. रोजच्या प्रार्थनेत आपण मनात असेल तेच देवापुढे नेतो, आणि ते न्यावंच. पण माझ्यावर सोडलं असतं, तर मी वर्षभर विलापच केला असता. जे मी आपणहून मागितलं नसतं, ते त्या काळाने माझ्यापुढे आणून ठेवलं.

पेंटेकॉस्टनंतर फादरांचा झगा हिरवा होतो आणि आगमनकाळापर्यंत बहुतेक हिरवाच राहतो. लहानपणी मला हे महिने कंटाळवाणे वाटायचे. आता फार आवडतात. आपल्याकडे तेव्हाच पाऊस लागतो, भाताची लावणी होते, आणि ऑक्टोबरात आगेऱ्याला, सुगीच्या सणाला, नव्या कणसांना आशीर्वाद मिळतो. शेत रोज पाहिलं तर वाढताना दिसत नाही.

सासरी वाद घालू नकोस. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारपासून आगमनकाळ सुरू होतो, तेवढाच यंदा धर. चार मेणबत्त्या आण, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. संध्याकाळी बायबल उघडतातच, त्याआधी एक पेटव. दर रविवारी येशूच्या चरित्रातलं, शुभवर्तमानातलं वाचन असतं, त्याचं चक्र तीन वर्षांचं असतं – मत्तय, मार्क, लूक. चौथं, योहानाचं, मुख्यतः उपवासकाळात आणि पुनरुत्थानकाळात भेटतं. त्या रविवारचा उतारा दिरांनाच वाचायला दे. त्यांना बायबल तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल.

आणि झावळ्यांच्या रविवारी माहेरून एक पात मागवून घे.