आजीला साठ वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं, मग सकाळची पेज का आठवत नाही? ती मुद्दाम करते का?

नाही, मुद्दाम करत नाहीत. आमच्या घरीही सासूबाईंवर वर्षभर हाच संशय होता. त्या वर्षी आम्ही त्यांना जे बोललो, ते मला अजून सलतं.

आम्ही गोव्यातल्या माशेलकडचे. गोवा मुक्तीच्या वेळी, डिसेंबर १९६१ मध्ये, बाणस्तारीचा पूल उडवला तेव्हा कोण कुठे होतं, हे सासूबाई न अडखळता सांगायच्या. आणि पेज खाऊन हात धुतला की विचारायच्या, "आज पेज केली नाही?"

नवी आठवण आधी हिप्पोकॅम्पस सांभाळतो. कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत दोन्हीकडे असलेला हा छोटासा भाग. तीच आठवण पुन्हा पुन्हा उजळत राहिली की महिन्यांनी, वर्षांनी मेंदूच्या बाहेरच्या थरात मुरते. अल्झायमर बहुतेकदा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारूनच सुरू होतो. म्हणून पूल टिकतो, पेज टिकत नाही. खरं तर आजी पेज विसरल्याच नाहीत, तिची नोंदच झाली नाही.

हे कळलं ते हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणामुळे. १९५३ मध्ये फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूतून दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला. बालपण त्याला आठवायचं, पण नवी ओळख मिनिटांत पुसली जायची. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. आधी कधी गिरवल्याचं त्याला आठवत नसे, तरी दिवसागणिक हात सुधारत गेला. हाताच्या सवयीची वाट मेंदूत वेगळी आहे. सासूबाईंना आज वार कोणता ते सांगता येत नव्हतं, पण पुढ्यात अबोली ठेवली की वळेसर, म्हणजे गजरा, व्हायचा, एकसारखा, घट्ट. तुमच्या आजींच्या हाताला काय येतं ते शोधा आणि तेच करू द्या.

"आठवत नाही का?" असं मात्र विचारू नका. "पेज झाली, आता चहा ठेवू?" एवढंच म्हणा. दहाव्यांदा विचारलं तरी त्यांच्यासाठी ते पहिल्यांदाच असतं.

आणि हे वयाचंच म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ आणि थायरॉइडची रक्त तपासणी आधी करून घ्या. बी-१२ची कमतरता, मंद थायरॉइड, उदासीनता यांनीही असंच विसरायला होतं, आणि त्यांवर औषध आहे. गोंधळ एक-दोन दिवसांतच अचानक वाढला असेल तर थांबू नका, लघवीतला संसर्गही असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.