केळी पीक की कच्चा माल?

प्रश्न : सर, यावल तालुक्यातल्या आमच्या गावचं वाचनालय मी सांभाळतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या ज्ञानविचाराची ऑन्टॉलॉजी, म्हणजे संकल्पना आणि त्यांच्या संबंधांचा संगणकाला कळणारा आराखडा, प्रोटेजे या सॉफ्टवेअरमध्ये करतोय. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल, काल असे पाच वर्ग केले, पाचही एकमेकांपासून वेगळे म्हणून जाहीर केले. ‘केळीवरचा करपा’ या विषयाचं पुस्तक बसलं. ‘केळीचे वेफर्स’ या विषयाचं टाकताच रीझनर, म्हणजे विसंगती शोधणारा तर्क-तपासनीस, अडला. माझं कुठे चुकलं?

उत्तर : भाऊ, रीझनर बरोबर आहे. बागेत लटकतो तोवर घड पीक असतो, वेफर्सवाल्याच्या दारात उतरला की कच्चा माल. घड तोच. रंगनाथनांची व्यक्तित्व-द्रव्य ही जोडीही तशीच आहे. ती वस्तूची जात नाही, विषयातली भूमिका आहे. शेतीच्या पुस्तकात केळी व्यक्तित्व. वेफर्सच्या पुस्तकात वेफर्स व्यक्तित्व आणि केळी द्रव्य. म्हणून ते पाच वर्ग पुसा आणि पाच संबंध करा. ‘विषय’ हा स्वतंत्र वर्ग ठेवा, त्यातल्या एकेका विषयापासून ‘व्यक्तित्व’, ‘द्रव्य’ वगैरे नावांचे बाण केळीकडे, वेफर्सकडे न्या. मग केळीला दोन बाण आले तरी भांडण नाही.

दुसरं, केळीखाली ‘खोड’ उपवर्ग म्हणून टाकलं असेल तर काढा. उपवर्ग म्हटलं की प्रत्येक खोड ही एक केळी ठरते! ग्रंथालयातली ‘व्यापक-संकुचित’ उतरंड एवढी कडक नसते. तिच्यासाठी स्कोस (SKOS) ही अशा उतरंडी लिहिण्याची पद्धत आहे, २००९ पासून वेबचं अधिकृत मानक.

आणि प्रत्येक विधानापुढे रंगनाथनांच्या कोलन वर्गीकरणाची, म्हणजे पुस्तकांना विषयवार अंक देण्याच्या त्यांच्या पद्धतीची, आवृत्ती लिहाच. १९३३ च्या पहिल्या आवृत्तीत अंकाचे भाग जोडणारं चिन्ह एकच होतं, कोलन (:). व्यक्तित्व, द्रव्य वगैरे पाच प्रकार आणि त्यांची वेगवेगळी चिन्हं चौथ्या आवृत्तीत, १९५२ मध्ये आली. सहाव्या आवृत्तीत रोग ऊर्जेत होता, १९८७ च्या सातव्या आवृत्तीत तो द्रव्याच्या गुणधर्मात गेला. म्हणजे तुमचा करपासुद्धा! आमच्या कॉलेजात सगळी पुस्तकं ड्यूईच्या दशांश वर्गीकरणानेच लावलेली, केळी ६३४.७७२ या अंकावर, कोलन मी हौसेने शिकलो होतो. सातवी आवृत्ती हाती आली तेव्हा पाठ केलेले निम्मे अंक पुन्हा घोकावे लागले.

वेफर्सचं ते पुस्तक कोणतं, तेवढं कळवा. आमच्याकडे नाही.